टायपिंगच्या बाईंवरचा आळ

टायपिंगच्या बाई चिडल्या की शुद्ध बोलायच्या. एरवी त्यांचं बोलणं आमच्यासारखंच, "काऊन वं, आज उशीर?" असं. पण राग चढायला लागला की आधी 'ले' जाऊन 'ला' यायचा, मग 'नाई'चं 'नाही' व्हायचं, आणि अगदी टोकाला गेल्या की समोरच्याला त्या 'आपण' म्हणायच्या. हिंगणघाटच्या बाजारात या 'आपण'ची दहशत होती. एका मिठाईवाल्यानं एकदा हट्ट धरला, की बाई बनवत असलेली त्याची वेबसाईट उघडल्याबरोबर आरती वाजली पाहिजे. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ग्राहक दुकानात शिरल्याबरोबर आपण त्याच्या कानाशी घंटा वाजवता का?" तो बिचारा सोबत आणलेला पेढ्यांचा पुडा तिथेच ठेवून जिना उतरला.

हे आठवलं की मला आधी हसू येतं आणि लगेच अंगाची लाही होते. ज्या बाजारातल्या दुकानदारांना बाईंनी इंटरनेटवर कसं उभं राहायचं ते शिकवलं, त्याच बाजारानं पुढे त्यांच्यावर खोटा आळ घेतला. त्या आळापायी त्यांचा क्लास गेला आणि गाव सुटलं. आणि तो आळ ज्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाला ते माझे सख्खे काका. बाबा लवकर गेले, काकांनीच मला वाढवलं, कॉलेजात घातलं. हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कोणाला मला कृतघ्न म्हणायचं असेल तर त्यानं खुशाल म्हणावं.

बाईंचा क्लास एका पिठाच्या गिरणीच्या वर होता. गिरणी चालू झाली की पायाखालची जमीन थरथरायची आणि टाइपरायटरच्या कळांवर पिठाचा पातळ थर बसायचा. बाई रोज सकाळी फडकं घेऊन एकेक मशीन स्वतः पुसायच्या. नव्वदच्या दशकात आमच्याकडे मुलीला टायपिंगला घालणं म्हणजे तिचं लग्न ठरेपर्यंतची सोय होती. मीही तशीच गेले. दिवसा काकांच्या दुकानात हिशेब लिहायचे आणि संध्याकाळी क्लासला. बाईंना हे 'ठरेपर्यंत' फार झोंबायचं. नव्या मुलीला त्या पहिल्याच दिवशी विचारत, "लग्न ठरलं तं परीक्षा सोडशीन का?" लगेच पुढे म्हणत, "सोडाची असन तं आत्ताच जाजो. मशीन अडवून ठेवू नको." त्यांचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं, आणि का झालं नव्हतं हे विचारायची कोणाची छाती नव्हती. भाऊ यवतमाळला होता, चांगल्या नोकरीत. त्याच्याकडून मी कधी काही घेतलं नाही, हे मात्र त्या मान वर करून सांगत.

टायपिंग शिकवताना त्यांचा सगळा जोर रिकाम्या जागेवर असायचा. आम्ही मुली कागद काठोकाठ भरून टाकायचो, आणि बाई तो उलटा करून परत द्यायच्या. "साहेबाले सही कराले जागा ठेवजो," असं त्या म्हणायच्या. पुढे वेबसाईट बनवताना हेच वाक्य थोडं बदलून आलं. दुकानदार म्हणायचा, इथे अजून एक फोटो मावते, इथे एक झेंडा बसते. बाई म्हणायच्या, "गिऱ्हाइकाले बोट ठेवाले जागा ठेवा. सारी जागा तुम्हीच अडवसान तं तो उभा कुठं राहीन?"

टाइपरायटरचे दिवस संपले तेव्हा गावातले बाकीचे टायपिंग क्लास बंद पडले. बाईंनी मशीन विकून कॉम्प्युटर आणले. पुण्यात नोकरीला लागलेल्या एका जुन्या विद्यार्थिनीनं वेबसाईट बनवण्याचं जाडजूड इंग्रजी पुस्तक पाठवलं, ते त्यांनी शब्दकोश शेजारी ठेवून वाचून काढलं. इंटरनेट तेव्हा फोनच्या तारेवरून यायचं. मोडेम किरकिर करत जोडणी करायचा, आणि पान अर्धं उघडलं की लोडशेडिंगची वेळ व्हायची. म्हणून पान हलकं पाहिजे आणि फोन नंबर सगळ्यात वर पाहिजे, हा त्यांचा नियम. नंबर टाकायच्या आधी त्या स्वतः त्यावर फोन लावून पाहायच्या, तोही भर दुपारी, कारण आमच्याकडे जेवण झालं की दुकानदार अर्धं शटर ओढून आडवे होतात. कोणी उचलला नाही की वेबसाईटचं काम तिथेच थांबलं. "पहिले फोन उचलनारा मानूस ठेवा, मंग माह्याकडे येजा," असा त्यांचा निरोप जायचा. आलेलं काम असं परत पाठवणारी बाई बाजारानं पाहिली नव्हती.

हिंगणी गावचे एक गृहस्थ बोर धरणाकडे येणाऱ्या पर्यटकांसाठी खोल्या बांधून बसले होते. त्यांना वेबसाईटवर पानभर वाघ पाहिजे होता.

"तुमच्या खोलीतून वाघ दिसते का?" बाईंनी विचारलं.

"नाई. पन जंगलात हाये."

"तुम्हाले दिसला का कधी?"

"मले नाई दिसला. माह्या साळ्याले दिसलता."

बाईंनी वाघ काढून टाकला आणि लिहिलं, की वाघ दिसेलच असं नाही, पण चुलीवरचं जेवण वेळेवर मिळेल आणि आंघोळीला गरम पाणी असेल. गृहस्थांनी घरी जाऊन कपाळाला हात लावला म्हणे. पण त्या हिवाळ्यात नागपूरहून जी कुटुंबं आली ती याच वाक्यावर हसत आली, आणि वाघ न पाहताही खूश होऊन परत गेली. त्यानंतर ते गृहस्थ दर संक्रांतीला बाईंकडे बोरं घेऊन यायचे.

एका कापडवाल्याला पानाच्या तळाशी किती लोक येऊन गेले ते दाखवणारा आकडा पाहिजे होता. तो आकडा एकपासून नको, काही हजारांपासून सुरू करा, असं त्याचं म्हणणं. "मुहूर्ताच्या दिवशीच शून्य दिसलं तं अपशकुन नाई का होत?" त्यानं अगदी मनापासून विचारलं होतं. बाईंचा चष्मा टेबलावर आला. "आपण पहिल्याच दिवशी खोटं बोलणार, आणि आपल्या कापडाचा रंग पक्का आहे यावर ग्राहकानं विश्वास ठेवायचा?" कापडवाला दुसरीकडे गेला. असे बरेच गेले. बाई फटकळ होत्या, हेकट होत्या, आणि दहा जणांना गोड बोलून जे मिळालं असतं ते एकाला खरं बोलून घालवायची त्यांना खोड होती. तेव्हा मला वाटायचं, जरा सबुरीनं घ्यावं बाईंनी. आता मी स्वतः तोच धंदा करते आणि माझाही चष्मा टेबलावर येतो.

काम घेतलं की त्या आधी त्या दुकानात जाऊन दिवसभर बसायच्या. गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून, काही न बोलता. येणारं गिऱ्हाईक पहिलं काय विचारतं तेवढं ऐकायच्या. दुकानदाराला स्वतःबद्दल सांगायचं असतं, आजोबांनी दुकान कसं काढलं, फीत कोणत्या पुढाऱ्यानं कापली. प्रत्येकाला पहिल्या पानावर आजोबांचा हार घातलेला फोटो पाहिजे असायचा. "आजोबा भितीवरच राहू द्या," बाई म्हणायच्या. "गिऱ्हाईक आजोबा घ्याले नाई येत."

आमचं दुकान जिनिंगच्या सुट्या भागांचं. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांना चामड्याचे रोलर लागतात, पट्टे लागतात, बेअरिंग लागतात. ऐन हंगामात यातलं एक तुटलं की अख्खी जिन बंद पडून उभी राहते. बाई आमच्याकडे येऊन बसल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक जण आधी माप विचारतो. मग त्यांनी क्लासमधली फूटपट्टी आणली, एकेक भाग तिच्या शेजारी ठेवला आणि फोटो काढले. बघणाऱ्याला विचारायचं कामच नाही. शेवटी त्यांनी आणखी एक गोष्ट घातली, ती म्हणजे आमच्याकडे काय मिळत नाही त्याची नोंद. काका तडकले.

"नाई ते कायले लिहाचं वो बाई? नाई म्हनाले दुकान टाकलं का मी?"

"आदिलाबादवाला गाडी घेऊन येईन, अन् तुम्ही इथं त्याले नाई म्हनसान. मंग तो पुन्हा येईन का तुमच्याकडे?"

काकांनी ती नोंद राहू दिली. भाव मात्र त्यांनी लिहू दिले नाहीत. भाव फोनवरच सांगायचा हा आमच्या बाजाराचा रिवाज आहे, आणि तिथे काका हलले नाहीत. बाईंनीही मग तो नाद सोडला.

ती वेबसाईट दिसायला अगदीच साधी होती, आणि ती चालली. आदिलाबादहून फोन आले, गुजरातेतून आले, ज्यांची नावं आम्ही ऐकली नव्हती अशा गावांहून आले. दुकानात कॉम्प्युटर नव्हता, म्हणून दुकानाची ई-मेल बाईच उघडायच्या. त्यांनीच ती फुकटातली पेटी काढून दिली होती. आलेली मागणी छापून त्या त्याच दिवशी माझ्या हाती द्यायच्या. काका बाजारात सांगत फिरत, "माह्या दुकानाले आता भिंती नाई राह्यल्या." तेव्हा ते बाईंना 'आमच्या बाई' म्हणायचे. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

वेबसाईटचं नाव एखाद्या जागेसारखं नोंदवावं लागतं, आणि ज्याच्या नावानं नोंद त्याची मालकी. बाईंनी ती नोंद काकांच्या नावानं केली. तिची चावी, म्हणजे पासवर्ड, काकांच्या हातात दिली आणि स्वतःलाही माहीत राहू नये म्हणून त्यांच्याकडून ती बदलून घेतली. वर बजावलं, "दुकान भाड्यानं द्या, इका, काय वाटन ते करा. पन पाटी कोनाच्या हाती देऊ नका." मी तिथे उभी होते. काकांनी मान डोलावली होती.

मग नागपूरहून ती कंपनी आली. टाय लावलेली दोन पोरं, एक लॅपटॉप आणि हॉटेलात सगळ्या व्यापाऱ्यांना जेवण. पडद्यावर कापसाचं बोंड फिरत फिरत उघडायचं, त्यातून दुकानाचं नाव बाहेर यायचं आणि मागे बासरी वाजायची. व्यापारी खुळावले. त्या पोरांनी सांगितलं, इंटरनेटवर शोधलं की तुमचंच दुकान पहिल्या नंबरावर आणून देतो. आणि दिलंही दाखवून. काकांच्या दुकानाचं नाव लिहिलं आणि काकांचंच दुकान वर आलं. काका ते घरी येऊन कौतुकानं सांगत होते. मी म्हटलं, काका, नाव लिहून शोधल्यावर दुसरं कोण येणार? ज्याला तुमचं नाव ठाऊक आहे तो शोधतोच कशाला? 'जिनचे रोलर' असं लिहून बघायला सांगा ना त्यांना. काका म्हणाले, "तू त्या बाईच्या नादानं प्रत्येक गोष्टीत खुसपट काढाले लागली."

या कंपनीनं आमच्या गावात जे दिवे लावले ते काय सांगावे. एकाच साच्यातून सगळ्यांच्या वेबसाईट काढल्या. डाळमिलच्या पानावर 'आमचे तज्ज्ञ डॉक्टर आपल्या सेवेस सदैव तत्पर' असं इंग्रजीत कितीतरी महिने झळकत होतं, आणि वर हात मिळवणारे दोन गोरे साहेब. डाळमिलवाला ते साहेब पाहूनच धन्य झाला होता. बाईंनी जाऊन सांगितलं तर म्हणाला, "बाई, तुमच्या पोटात दुखून राह्यलं." अशा माणसांसाठी ही बाई पुस्तकात डोकं घालून बसत होती.

पहिला नंबर टिकवायचा असेल तर नाव आमच्याकडे वळतं करा, असं कंपनीनं सांगितलं आणि काकांनी चावी देऊन टाकली. बाईंना विचारलं नाही, मलाही नाही. बाईंना कळलं तशा त्या तडक दुकानात आल्या. दुकानात दोन दलाल बसले होते. बाई त्यांच्यासमोरच म्हणाल्या, "आपण आपल्या दुकानाची पाटी उतरवून परक्याच्या घरी नेऊन ठेवलीत." काकांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. बाई एवढंच बोलून निघून गेल्या. चारचौघांत नको होतं बोलायला, हे मी मान्य करते. पण खोटं काय होतं त्यात?

फिरणारं बोंड आमच्या इंटरनेटवर कोणाकडेच धड उघडेना. फोन कमी झाले. चौकशीसाठी जो रकाना होता त्यात लिहिलेलं सगळं थेट कंपनीकडे जायचं आणि पुढे कुठे जायचं ते कंपनीच जाणे. मग एक दिवस कंपनीचे फोन लागेनासे झाले, आणि नागपूरच्या ऑफिसला कुलूप. नाव त्यांच्या मालकीचं होतं, त्याची मुदत कोणी वाढवली नाही, आणि ते दुसऱ्याच कोणीतरी उचललं. एका जिनवाल्यानं सायबर कॅफेत बसून आमच्या दुकानाचं नाव लिहिलं, तर पडद्यावर रोलर नाहीत, उघड्यानागड्या बायकांचे फोटो. आजोबांच्या नावानं चाललेलं दुकान ते. बाजारात हसण्याचा नुसता पूर आला.

आमच्या बाजाराची एक रीत आहे. व्यापाऱ्याला तोटा झाला तर तो सांगतो, आजार सांगतो, भावकीची भांडणंसुद्धा चव्हाट्यावर मांडतो. पण आपण फसलो, हे तो कधी सांगत नाही. फसलेल्या माणसाच्या शब्दावर कोणी माल सोडत नाही अशी समजूत आहे, त्यामुळे फसवणूक गिळायची असते. काकांना ती गिळता आली असती. त्यांनी गिळली नाही, दुसऱ्याच्या अंगावर थुंकली. दलाल चेष्टा करायला लागले तेव्हा काका गल्ल्यावरून म्हणाले, "त्या टायपिंगवालीचं काम हाये ते. चावी तिच्यापाशी होती. राग धरून बसलती मनात."

संध्याकाळपर्यंत ते वाक्य गावभर झालं. आणि बाजारातल्या वाक्याला पाय फुटतात ते कसे? चावी बाईंकडे होती, म्हणजे ते फोटो बाईंनी टाकले, म्हणजे बाईंच्या कॉम्प्युटरवर तसले फोटो असतात, म्हणजे वरच्या मजल्यावर मुलींना ती काय शिकवते कोणाला ठाऊक. त्या क्लासला लग्नाच्या मुली येत होत्या. त्यांच्या आया एकेक करून जिना चढून आल्या. कोणी पाहुणे येणार असल्याचं सांगितलं, कोणी मुलीचे डोळे दुखतात म्हणून सांगितलं. खरं कारण एकीनंही तोंडावर सांगितलं नाही, आणि बाईंनी एकीलाही थांबवलं नाही. ज्यांनी या बाईच्या हाताखाली बोटं बसवली, नोकऱ्या मिळवल्या, त्या मोठ्या बहिणीसुद्धा गप्प राहिल्या. मला त्या सगळ्यांची नावं आठवतात. लिहीत नाही एवढंच.

त्या दिवशी घरी जेवताना मी काकांना सरळ विचारलं, "कंपनीला चावी तुम्ही दिली की बाईंनी?"

काकूनं माझ्याकडे डोळे वटारले. काका वरणात पोळी चुरत होते.

"मी ठगलो असं बाजारात सांगू का?" ते म्हणाले. "हंगाम तोंडावर हाये. कोन माल देईन मले?"

"आणि बाईंचा क्लास?"

"तिले काय, एकटा जीव. भाऊ हाये तिचा यवतमायले. माह्या मागं सात मानसं खाऊन राह्यले."

एकटा जीव. म्हणजे एकट्या माणसाचा बळी स्वस्त पडतो, असा हिशेब. मी ताटावरून उठले, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात गेले नाही. काकांनी बोलावलं, आईनं हात जोडले, तरी गेले नाही. घरात महिनोन् महिने माझं आणि काकांचं बोलणं मीठ दे, दार लाव एवढंच.

पण मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? दुकानाची ती ई-मेलची जुनी पेटी बाईंकडे तशीच चालू होती. जुनी गिऱ्हाईकं त्याच पत्त्यावर मागण्या पाठवत होती. आणि बाई त्या मागण्या छापून काकांना पोचवत होत्या. मी म्हटलं, "मी नाही नेणार. फाडून फेका." बाई म्हणाल्या, "वर्ध्याच्या पुढं एकाची जिन उभी हाये पट्ट्यापायी. त्याले तुह्या काकाच्या खोटेपनाशी काय कराचं हाये?" आणि स्वतः चप्पल घालून निघाल्या. मी मागोमाग गेले. भर बाजारातून, लोक बघत असताना, त्या आमच्या दुकानाच्या पायऱ्या चढल्या, कागद गल्ल्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "याले आजच पाठवजा." काकांनी कागद घेतला. वर पाहिलं नाही. शेजारी तेच दलाल होते. तेव्हा एक शब्द बोलायचा होता काकांनी. तो पुरला असता.

त्यानंतर मी हट्टच धरला, की मी बाजारात उभी राहून सगळं सांगते. बाईंनी मला खाली बसवलं. "मी ज्याचं पान बनवलं त्याची बदनामी मी करत नाई, अन् तूही करशीन नाई. त्याचं दुकान त्याच्या हाती हाये तोवर बोलू नको. त्याच दुकानावर तुह्या मायचं पोट हाये." मी म्हटलं, आणि तुमचं? त्या म्हणाल्या, "माह्यं मी पाहीन." मला त्यांचा हा चांगुलपणा तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. दुसऱ्याची अब्रू सांभाळायला स्वतःचं घरदार मोडावं, हे मी कोणालाच शिकवणार नाही. पण शब्द दिला होता, तो पाळला.

गिरणीवरची खोली त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात सोडली. कॉम्प्युटर विकले, फळा आणि बाकं एका शाळेला दिली. यवतमाळच्या गाडीत बसवायला मी एकटीच होते. मान वर करून 'भावाकडून काही घेतलं नाही' म्हणणारी ती बाई, एक बॅग आणि एक गादी घेऊन भावाकडे राहायला निघाली होती. गाडी सुटेपर्यंत त्या मला माझ्या पहिल्या कामाबद्दल सूचना देत होत्या, जाम चौरस्त्यावरच्या एका टायरवाल्याची वेबसाईट होती ती. "फोन लावून पाह्यलास का?" असं त्यांनी खिडकीतून विचारलं. मी पाहिला नव्हता. बसस्टँडवरूनच लावला, आणि कोणी उचलला नाही.

मी आता वर्ध्याला असते, आणि हेच काम करते. दुकानात जाऊन बसते, गिऱ्हाईक काय विचारतं ते ऐकते, नाव मालकाच्याच नावानं नोंदवते. बाई अधूनमधून फोन करायच्या, मी केलेली पानं उघडून चुका काढायच्या. भावाच्या घरी त्यांना कसं ठेवलंय, हे विचारलं की लोडशेडिंगवर बोलायला लागायच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. मला पाच-सहा दिवसांनी कळलं.

त्याच सुमारास हिंगणघाटला आमच्या नात्यात लग्न निघालं. काकांनी आता दुकान सोडलं होतं; मुलानं तिथे मोबाईलचं दुकान टाकलंय. मांडवात शिरताना मी काकांना सांगितलं, बाई गेल्या. "बाई चांगली होती," ते म्हणाले.

"मग हे बाजारात सांगा."

"आता कोनाले याद हाये ते, वैशू?"

पंगतीत मी बायकांमध्ये बसले, समोरच्या ओळीत काका आणि त्यांचे जुने बाजारवाले. कोणीतरी बाई गेल्याचं काढलं. माझ्या शेजारी बसलेली, क्लासला माझ्याबरोबर असलेली मुलगी, आता दोन मुलांची आई, बुंदी चिवडत म्हणाली, "ते टायपिंगवाली ना? घानेरड्या वेबसाईटवाली?"

बाईंना दिलेला शब्द दुकान काकांच्या हाती असेपर्यंतचा होता. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "वेबसाईटची चावी कंपनीला बाईंनी नव्हती दिली. काकांनी दिली. बाईंना तर ती ठाऊकही नव्हती." पंगत थांबली आणि सगळे काकांकडे पाहायला लागले. मला वाटलं, आता काका उठतील, नाही तर माझ्यावर ओरडतील. काकांनी घास पानात ठेवला.

"व्हय," ते म्हणाले. "मीच देल्ली. ठगलो मी."

बस, एवढंच. ज्या वाक्यानं त्यांची पत जाणार होती, जे वाक्य वाचवण्यासाठी एका बाईचा क्लास मोडला, तिची इज्जत गेली, तिला म्हातारपणी भावाच्या दारात जावं लागलं, ते वाक्य बोलून झालं होतं. एक म्हातारा दलाल म्हणाला, "असं का." दुसरा म्हणाला, "त्या कंपनीनं तं मलेही बुडवलतं बाप्पा." कोणी हसलं नाही, कोणाला धक्का बसला नाही, काकांच्या शेजारचा माणूस इंचभरही सरकला नाही. कढीवाला आला, तसे सगळ्यांनी द्रोण पुढे केले. काकांनीही केला.